मंदारचं उष्टावण

गुरुवारी मंदारचं उष्टावण झालं. आई आणि मी गेलो होतो. मी बोलले, मग आई बोलली. सोमवारी आमच्या पाळणाघरात एकही मूल आलं नाही. मंगळवारीही आलं नाही. तेव्हा मी सातवीत होते.

एवढं लिहून मी चार दिवस वही उघडली नाही. आई जाऊन पाच महिने होत आले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवताना बायका म्हणत होत्या, लताबाईंना लहान मुलांची भारी हौस. मी वाढत राहिले. हौस नव्हती ती. ते तिचं काम होतं, तिला ते येत होतं, आणि एका दुपारी ते तिच्या हातून गेलं. कसं गेलं हे कुठेतरी नीट लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी मी बसले आहे. माझं आयुष्य कॉलेजच्या लायब्ररीत गेलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागच्या जागी लावून ठेवायची मला सवय, स्वतः लिहायची नाही. तेव्हा हे हळूहळूच होणार.

आमचं घर सोलापुरात गिरणीच्या मागच्या ओळीत होतं. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याखालची थोडी जागा. बाबा गिरणीत रात्रपाळीला. सकाळच्या भोंग्यानंतर ते घरी यायचे, भाकरी, शेंगाचटणी आणि चहा एवढं पोटात टाकून आतल्या खोलीत आडवे व्हायचे, आणि त्याच सुमाराला बाहेरच्या खोलीत मुलं यायला लागायची. सात मुलं, सगळी दीड वर्षाच्या आतली. कुणाची आई टेलिफोन ऑफिसात, कुणाची सरकारी दवाखान्यात नर्स, एक शाळेत शिकवायची, वंदनाकाकू बँकेत, आणि नरसम्मा विड्यांच्या कारखान्यात. आढ्याला जुन्या लुगड्यांच्या दोन झोळ्या टांगलेल्या, खाली वाकळा, कोपऱ्यात बाळुत्यांचा ढीग. या गलक्यात झोप कशी लागते, असं कुणी बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "रातभर कानापाशी साचा धडधडतोय. ही पोरं म्हंजे त्याच्यापुढं भजन हाय भजन." कधी दुपारी पाणी प्यायला उठले की दारातनं डोकावून म्हणायचे, "काय साहेब लोक, ताटं आली का? का अजून शिपायावर रागावलाय?" शिपाई म्हणजे आई.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात, आणि ते एका ठरलेल्या क्रमाने येतात. आधी स्टोव्हला पंप मारल्याचा, मग त्याची निळी फरफर, मग पातेल्यात पळी फिरल्याचा, मग झोळीच्या दोरीची करकर. भिंतीपलीकडे मागावर चादरी विणायचे, तो खटखटाट तर दिवसभर असायचाच. तो थांबला की मुलं दचकून जागी व्हायची. वास दोनच. उन्हात वाळणाऱ्या दुपट्यांचा आणि भाजल्या जाणाऱ्या मुगाच्या डाळीचा.

मुलांचं खाणं घरून यायचं. प्रत्येकाचा डबा वेगळा, दुधाची बाटली वेगळी, आणि वाटी-चमचा वेगळा. बारशाला आलेल्या स्टीलच्या वाट्या असायच्या, भांड्यांच्या दुकानात मशीनने टिंब टिंब करून नाव घातलेल्या. आईला वाचता येत नव्हतं असं नाही, पण ती नावं वाचायची नाही. कडेचा पोचा, बुडाचा डाग यावरून ओळखायची. आईने फक्त गरम करायचं आणि भरवायचं. मुलं आमच्याकडे ठेवायची, पण मुलांच्या पोटात आमच्या घरचं काही जायचं नाही, हा नियम कुणी तोंडाने सांगितला नव्हता. आम्ही बौद्ध. आमच्या भिंतीवरच्या दोन तसबिरी पाहिल्या की आलेली बाई काय समजायचं ते समजायची, आणि दुसऱ्या दिवशी डबा आणखी घट्ट झाकणाचा यायचा. आजी, म्हणजे आईची आई, करकंबला सुईणपण करायची. ती सांगायची, "पोर भाईर काढाय आमचा हात चालायचा, नाळ कापाय चालायचा, न्हाणीत पाय लांब करून पोराला तेल लावाय चालायचा. घुटी उगाळली की मातर सासू म्हणायची, हितं ठिव, मी पाजते." आई हे ऐकून हसायची. म्हणायची, "तुजा जमाना गेला, म्हातारे. माज्याकडं बँकेतल्या बाया येत्यात."

पण सोलापूरचं ऊन कुणाचे नियम पाळत नाही. फाल्गुन लागला की अकराच्या आत दूध फाटायचं. वरणभात आंबायचा, झाकण काढलं की आंबूस वास यायचा. मुलं भुकेने रडायला लागायची आणि त्यांच्या आया संध्याकाळी सहाला यायच्या. आई पहिल्यांदा काय करायची मला आठवत नाही. मला आठवतं तेव्हा तिचा पिठाचा डबा होताच. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन सावलीत फडक्यावर वाळवायची, मंद आचेवर वेगवेगळी भाजायची, मग जात्यावर रवाळ दळायची. थोड्या मोठ्या मुलांसाठी ज्वारीच्या लाह्यांचं पीठ, दुधात कालवायला. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातनं गाळून तिचं सत्त्व बसवायची आणि वरचं पाणी ओतून तळातला साका ताटात पसरून वाळवायची. पेज झाली की मलमलीतून गाळायची, तुपाचा थेंब टाकायची, मिठाचे दोन कण. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून ऊब बघायची. चमचा कधी स्वतःच्या ओठाला लावला नाही. संध्याकाळी बायका यायच्या, रिकामा डबा बघून म्हणायच्या, "अगबाई, सगळं संपवलं?" दूध फाटलं तर तुम्ही काय करता, असं सात जणींपैकी कुणी कधी विचारलं नाही. न विचारण्यातच त्यांची सोय होती. नरसम्मा एकटी सरळ होती. ती डबा आणायचीच नाही. मुलगी आईच्या मांडीवर टाकायची आणि म्हणायची, "अक्का, तुम्ही काय करते ते हिला पण घाला. ही काय महाराणी आहे काय?"

आता मुलांच्या खाण्याची रंगीत पाकिटं मिळतात. माझ्या शेजारणीच्या सुनेने मला एक दाखवलं, मागे बारीक अक्षरांत यादी: तांदूळ, मूग, नाचणी. मी यादी वाचली आणि पाकीट परत दिलं.

भरवायची आईची एक रीत होती. ती मुलाला मांडीवर आडवं नाही, अर्धवट बसतं घ्यायची. मूल दुसरीकडे बघत असेल तर घास पुढे करायची नाही. चमच्याने वाटीच्या कडेवर तीनदा वाजवायची, टक, टक, टक, आणि थांबायची. मूल वळायचं, बघायचं, तोंड उघडायचं. मग चमचा जायचा. मी एकदा विचारलं, हे कशाला, पटापट भरव की. ती म्हणाली, "कुणाच्या घरात शिरायच्या आदी कडी वाजवतो का न्हाय आपण? मग? ल्हान हाय म्हणून काय कुनीबी कसंबी शिरावं व्हय?" तीन आठवड्यांत मुलं तो आवाज ओळखायची. रडणारं मूल टक ऐकून गप्प व्हायचं आणि चोच उघडायचं. आईला त्याचा गर्व होता. तिचा तेवढाच एक गर्व मला माहीत आहे.

मंदार तीन महिन्यांचा असताना आमच्याकडे आला. वंदनाकाकूंची रजा संपली होती. त्यांच्या घरी सासूबाई होत्या, त्यांना सगळे माई म्हणायचे. माईंचे गुडघे दुखायचे म्हणून मूल बाहेर ठेवायचं, आणि माईंचा सोवळा स्वभाव म्हणून मुलाला घरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. सहाव्या महिन्यात उष्टावण ठरलं होतं. तेवढ्यात भावकीत कुणी वारलं, सुतक आलं, आणि माई म्हणाल्या, मुलग्याचं उष्टावण सम महिन्यातच करायचं, आता आठव्यात. तोपर्यंत अन्नाचा कणही नको. नोकरी सुरू झाल्यावर वंदनाकाकूंचं दूध आटत गेलं होतं. बाटलीत यायचं ते गाईचं, पाणी घातलेलं. मंदार मूठ चोखायचा. चोखून चोखून त्याची बोटं पांढरी, सुरकुतलेली झाली होती, आणि पुढे पुढे तो रडायचाही कमी. ते बघून आई घाबरली. "रडणारं पोर बरं," ती बाबांना म्हणाली, "गप पडतंय त्याचं भ्या वाटतं." तरी तिने त्याला काही दिलं नाही. बाकीच्यांना देत होती, कारण ती खाणारी मुलं होती आणि त्यांच्या आयांना अंदाज होता. हा अजून उष्टावला नव्हता. पहिला घास दुसऱ्याच्या मुलाला देणं आपलं काम नव्हे, असं ती म्हणायची.

एका सकाळी वंदनाकाकू मूल ठेवून गेल्या आणि कोपऱ्यावरनं परत आल्या. खांद्याला पर्स, केसांत अबोलीचा गजरा. मी उंबऱ्यात बसून इतिहासाचं पुस्तक वाचत होते. मी लहान आहे आणि वाचते आहे म्हणजे मला ऐकू येत नाही, असा मोठ्यांचा समज असतो.

"लताबाई, रात्री झोपतच नाही हो तो. माझ्याकडे काही उरलं नाही आता."

"दिसतंय की, ताई."

"तुम्ही त्याला काहीतरी द्या ना."

"काय देऊ?"

"इतरांना देता ते. पातळसं."

आईने सरळ विचारलं, "आमच्या घरचं चालंल?"

वंदनाकाकूंनी झोळीकडे बघितलं. "मी काही बोललेच नाही असं समजा. माईंना कळलं तर मला घरात उभं करणार नाहीत. शपथ घ्या माझी."

"शपत कशाला," आई म्हणाली, "न्हाय सांगत म्हणले म्हंजे न्हाय सांगत."

त्याच दुपारी तिने त्याला पहिला चमचा दिला. आधी नुसतं भाताचं पाणी, मग चार दिवसांनी मुगाचं, मग गाळलेली पेज. पहिले काही दिवस तो जिभेने सगळं बाहेर ढकलायचा. सगळीच मुलं ढकलतात. नुसतं चोखणं येत असतं, गिळायला शिकावं लागतं. आई हनुवटीवरचं पुसून पुन्हा आत घालायची, "घे रं सावकारा, एवढा कसला राग?" म्हणायची. महिनाभरात त्याच्या मनगटाला वळ्या पडल्या. तो हसायला लागला, झोळीतून पाय बाहेर काढायला लागला. माई एकदा स्वतः रिक्षाने त्याला न्यायला आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि ओळीतल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, नुसत्या दुधावर कसं बाळसं धरलंय! आजकालच्या मुली उगीच घाई करतात." आई मान खाली घालून त्याला टोपडं बांधत होती. मला हसू आवरेना, मी आत पळाले. आत बाबा जागे होते. म्हणाले, "हस, हस. पन तोंड मिटून हस."

उष्टावणाचं बोलावणं वंदनाकाकूंनी स्वतः दिलं. आईला फार आनंद झाला. तिने ट्रंकेतलं मोरपंखी पातळ काढलं, माझी वेणी दोनदा घातली, आणि मंदारसाठी दोन झबली शिवून घेतली. बाबा बाजेवर बसून बघत होते.

"बोलावणं आलंय म्हंजे पाट मांडलाय असं न्हाय," ते म्हणाले.

"पाच म्हैने पोर माज्या मांडीवर हाय. त्याचं उष्टावण, अन् मी घरात बसू?"

"उष्टावण तर तू कवाच केलंस की. आता त्यांचं काय ऱ्हायलंय?"

"हळू बोला!" आई दाराकडे बघत म्हणाली. मग आपसूकच हसली. बाबाही हसले. ते दोघं एकत्र हसलेले मला त्यानंतर फारसे आठवत नाहीत.

त्या घरी दिवाणखान्यात सतरंज्या टाकल्या होत्या. आम्हाला दारापाशी वेगळी चटई मिळाली. मध्ये चौरंग, भोवती रांगोळी, चांदीच्या वाटीत खीर. मंदारचा मामा पुण्याहून आला होता. त्याने मंदारला मांडीवर घेतलं, सोन्याची अंगठी खिरीत बुडवली आणि त्याच्या ओठांना लावली. मंदारने अंगठी चाटली आणि आणखी मागत पुढे झेपावला. बायका हसल्या. "खादाड आहे हो!" कुणी म्हणालं. मग मामीने चांदीच्या चमच्यात खीर घेतली आणि जास्तीची खाली पडावी म्हणून चमचा वाटीच्या कडेवर आपटला. टक, टक.

मंदार सगळ्या अंगाने वळला. त्याने तोंड उघडलं, मोठं, पुरतं, आणि मामीकडे न बघता खोलीभर नजर फिरवली. त्याला आई दिसली. दोन्ही हात हलवत तो तिच्याकडे बघून आवाज करायला लागला. मामीने तेवढ्यात चमचा त्याच्या तोंडात दिला. त्याने ओठ मिटले, खीर गिळली आणि पुन्हा तोंड उघडलं. एक थेंब बाहेर आला नाही.

त्या खोलीत निदान आठ बायका अशा होत्या ज्यांनी मुलं वाढवली होती. पहिला घास मूल जिभेने बाहेर टाकतं हे त्या सगळ्यांना माहीत होतं. हसणं थांबलं.

"हा खायला शिकलेला आहे," माई म्हणाल्या.

माईंनी सुनेकडे बघितलं. वंदनाकाकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "मी नाही हो काही दिलं. खरंच." मग सगळ्यांनी आमच्या चटईकडे बघितलं.

आईने मान खाली घातली होती. ती गप्प बसणार होती. तिने शब्द दिला होता. हे मला तेव्हा समजायला हवं होतं. पण मी वर्गात पहिली येणारी मुलगी होते. प्रश्न आला आणि उत्तर येत असलं की हात वर करायची मला सवय होती. शिवाय मला वाटलं, हे कौतुकाचं आहे. मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "तो आमच्या घरची पेज खातो. रोज. वंदनाकाकूंनीच आईला सांगितलं होतं. तो भुकेने झोपायचा नाही ना, म्हणून. आता वाटीभर खातो."

"काहीतरीच काय बोलतेस?" वंदनाकाकूंचा आवाज चिरला. "मी कधी सांगितलं? लताबाई, मी सांगितलं होतं तुम्हाला?"

आईने वर बघितलं. ती आधी वंदनाकाकूंकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिच्या तोंडावर राग नव्हता. काही मोजून बघावं तशी ती बघत होती.

"न्हाय," ती म्हणाली. "त्यांनी न्हाय सांगितलं. मीच दिलं. पोरगी ल्हान हाय, तिला काय कळतंय. खाली बस, सुजे."

मी बसले नाही. मला बसताच येईना.

"विश्वास ठेवला होता आम्ही तुमच्यावर," माई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. "न विचारता परक्याच्या मुलाच्या तोंडात घालायचं म्हणजे काय?"

"चुकलं माझं, माई. तांदूळ-मुगाचीच पेज व्हती. तीनदा धुते, भाजते, मलमलीतनं गाळते, भांडं बी वेगळं..." बोलता बोलता ती थांबली. कुणालाच ते ऐकायचं नव्हतं, हे तिच्या मध्येच लक्षात आलं. मंदार मामाच्या मांडीवरून तिच्याकडे झेपावत रडत होता. त्याला आत नेलं. माई चौरंगाकडे बघत मामीला म्हणाल्या, "ती खीर राहू दे बाजूला. हे पुन्हा करावं लागेल का, गुरुजींना विचारून घ्या."

आम्ही निघालो तेव्हा कुणी जा म्हणालं नाही आणि थांबा म्हणालं नाही. झबल्यांची पिशवी चटईवरच राहिली.

रस्त्यात ऊन होतं. आई भराभर पुढे चालत होती. मी मागून म्हणाले, "तू खोटं का बोललीस?"

"तिला त्या घरात ऱ्हायचं हाय. आपण काय, चाललो की हितनं."

"आणि मी? सगळ्यांसमोर मी खोटी ठरले."

ती चालत राहिली. गिरणीच्या भिंतीची सावली आल्यावर थांबली, पदराने तोंड पुसलं. "तू शाळा शिकतीस," ती म्हणाली. "तुजं भागंल."

पन्नास वर्षं मी हे वाक्य उलटसुलट करून बघितलं आहे. कधी मला ते माझ्यावरच्या विश्वासाचं वाटतं. बहुतेक वेळा वाटत नाही. तिने एका परक्या बाईला दिलेला शब्द पाळला आणि पोटच्या मुलीला खोटं पाडलं, एवढंच त्यात मला दिसतं. ज्या बाईसाठी पाळला ती त्या लायकीची नव्हती.

शुक्रवारी दोन मुलं आली, शनिवारी एक, सोमवारी एकही नाही. मग बायका आपापल्या वाट्या न्यायला आल्या. सगळ्या एकच वाक्य बोलल्या: लताबाई, न विचारता नको होतं द्यायला. जातीचं नाव कुणीच काढलं नाही. काढलं असतं तर बाबांना भांडता आलं असतं. ते उंबऱ्यात तयार उभे होते. पण 'न विचारता' या शब्दाशी भांडायचं कसं? रिकामे डबे बघून "सगळं संपवलं?" म्हणणाऱ्या याच बायका. नर्सबाईंनी वाटी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. शाळेतल्या बाईंनी ती आमच्या दारासमोरच्या नळावर राखेने घासली, दोनदा, आणि मग पिशवीत टाकली. त्यांचा मुलगा कडेवर होता. तो माझ्या आईकडे झेपावत होता.

नरसम्मा शेवटी आली. तिची वाटी नव्हतीच. ती आत येऊन बसली, चहा मागून प्यायली. "सगळ्यांना माहीत, अक्का," ती म्हणाली. "दूध फाटते, तुम्ही देते, सगळ्यांना माहीत. आता सगळ्या 'माहीत नाही' बोलतात. तोंड आहे काय बूट आहे?" आई हसली. मग नरसम्माने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली बघत म्हणाली, "पण माझी सासू आता नको म्हणते. तिकडं चोरून घालतात, बोलते. मी काय करू?" आईने त्या मुलीला शेवटचं भरवलं. चमचा वाजवला नाही. मुलगी आपणहून तोंड उघडत होती.

मंदारची वाटी न्यायला कुणी आलं नाही. मोलकरणीकडून निरोप आला, वाटी राहू द्या. वंदनाकाकू मला नंतर एकदाच भेटल्या, मी कॉलेजात असताना, त्यांच्याच बँकेत. त्यांनी माझा फॉर्म घेतला, नाव वाचलं, आणि न बघता विचारलं, "आई बरी आहे?" मी "हो" म्हणाले. रांगेत माझ्यामागे माणसं होती. मंदार आता पन्नाशीचा असेल. कुठे असतो मला माहीत नाही, आणि त्याला काहीच माहीत नसणार.

आई एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागली. फरशा पुसणं, बाळुती धुणं, नवजात मुलांना गुंडाळून इकडून तिकडे नेणं. निवृत्त होईपर्यंत केलं. माझा मुलगा सहा महिन्यांचा झाला तेव्हा ती पंधरा दिवस माझ्याकडे येऊन राहिली. तिने पीठ केलं, पेज शिजवली, गाळली, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि वाटी माझ्या हातात दिली. "तू भरव." मी म्हणाले, आई, तुलाच येतं ते, तू भरव. ती म्हणाली, "माजा हात नको." मी चिडले, रडले, काय वाटेल ते बोलले. तिने मुलाला तेल लावलं, न्हाऊ घातलं, झोळीत जोजवलं. घास दिला नाही. पंधरा दिवसांत एकदाही नाही. आपल्याच नातवाला.

गेल्या वर्षी तिच्या एका बाजूचं बळ गेलं आणि ती माझ्याकडे आली. तिला गिळायला त्रास व्हायचा, डॉक्टरांनी पातळ द्यायला सांगितलं. मी तिच्या पद्धतीने पीठ केलं. जातं नव्हतं, मिक्सरमध्ये रवाळ काढलं. पहिल्या दुपारी, तिच्या सामानातली भांडी मांडणीवर लावली होती त्यांतली हाताला आली ती वाटी घेतली. ती मंदारची होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आईचं लक्ष खिडकीकडे होतं. मी तिच्याजवळ बसले आणि लहानपणापासून बघत आले होते तसं केलं. चमच्याने वाटीच्या कडेवर वाजवलं. टक, टक, टक.

तिने वळून बघितलं. वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तोंड घट्ट मिटलं आणि मान भिंतीकडे फिरवली. त्या दुपारी तिने काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी काचेची वाटी घेत होते. चमचा तिच्या तोंडाशी नेऊन नुसती थांबायची. कधी ती चार चमचे घ्यायची, कधी दोन. असे सात महिने गेले.

पीठ डब्यात अर्धं उरलं आहे. वाटी मांडणीवर आहे. तिच्यावरच्या टिंबांतलं पहिलं अक्षर अजून वाचता येतं. दुपारी मी माझ्यापुरती पेज करते आणि खाते. चमचा वाजवत नाही.